कोरकोईचा निकाल

होमोवोच्या, म्हणजे मक्याच्या सुगीच्या सणाआधी महिनाभर बुकोम या मुष्टियोद्ध्यांच्या वस्तीत ढोल वाजत नाही, मिरवणूक निघत नाही, बॉक्सिंगची लढतही होत नाही. पेरलेला मका रुजेपर्यंत देवांना शांतता लागते. बाकी सगळं माणूस सोसतो, पण लढतीशिवाय महिना म्हणजे बुकोमच्या माणसाला मिठावाचून जेवण. आदोते म्हाताऱ्याने तर बायकोचं, कोरकोईचं, डोकं उठवलं होतं. दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालायचा आणि ती विकायला केंकी, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, वळत असली की शेजारी बसून त्याच त्या गोष्टी सांगायचा. तरुणपणी रिंगमध्ये लान्तेने आपल्याला कसं हरवलं, म्हणजे खरं तर कसं हरवलं नाही, पंचांनी कसा घात केला. चाळीस वर्षं झाली होती त्या लढतीला.

शेवटी त्यांच्या मुलीने, आयेलेने, यावर तोड काढली. चर्चमधला प्रोजेक्टर एका रविवारच्या संध्याकाळपुरता मागून आणला, अंगणातल्या भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि बॉक्सिंगवरचा एक जुना सिनेमा लावला. काळापांढरा, सगळ्या जगाने नावाजलेला. आवाज मात्र अगदी बारीक, कारण बंदी होती. अंगणातली सगळी बिऱ्हाडं स्टुलं, पाट, उलटी घमेली घेऊन जमली. लान्तेही आला, दुखरा गुडघा सांभाळत. तो नेहमीच यायचा. त्या लढतीनंतर दोघांची जी दोस्ती झाली ती भांडत भांडत टिकली होती.

कोरकोईने तळलेली मासळी आणि मिरचीचा ठेचा मध्ये ठेवला आणि ती चुलीकडे वळली. तिने आजवर एकही लढत पाहिली नव्हती. नवऱ्याची तर नाहीच.

"आई, बस की," आयेले म्हणाली. "हा सिनेमा आहे. रक्तसुद्धा काळं दिसतं."

कोरकोई टेकल्यासारखी स्टुलाच्या कडेवर बसली.

सिनेमातला नायक गोदीत ओझी वाहणारा गडी होता. दिवसा पोती उचलायचा, संध्याकाळी रिंगमध्ये उतरायचा. पहिल्या लढतीतच दोन्ही म्हातारे सुरू झाले.

"हात बघ कुठे ठेवलाय," आदोते कुजबुजला. "हनुवटी उघडी टाकलीय. आमच्याकडे असता तर पहिल्या फेरीत झोपला असता."

"समोरचा कुठे मारतोय? ठोसा वीतभर लांबून जातोय आणि हा पडतोय. वाऱ्याने पडला की काय?" लान्तेने विचारलं.

"आणि फेऱ्यांच्या मध्ये बोलतो किती! मला तर तेव्हा स्वतःचं नाव आठवायचं नाही."

"तुला एरवी तरी कुठे आठवतं."

लोक तोंडावर फडकी धरून हसत होते. इंग्रजी संवाद ऐकू येत नव्हते, त्यामुळे ज्याला जे सुचेल ते तो पडद्यावरच्या माणसांच्या तोंडी घालत होता. गोदीचा मुकादम केंकी महाग झाल्याबद्दल तक्रार करू लागला.

कोरकोई मात्र हसत नव्हती. तिचं स्टूल हळूहळू पुढे सरकत चाललं होतं. नायकाच्या पोटात ठोसा बसला की तिचाही श्वास अडकायचा. त्याने परतून मारला की तिची मूठ आपोआप वळायची. एकदा तिने शेजारणीच्या दंडावर असा गुद्दा हाणला की ती बिचारी उठून दुसरीकडे बसली.

मग शेवटची, मोठी लढत आली. नायकाची बायको घरी स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. रेडिओ बंद, खिडकी बंद. नवरा तिकडे मार खातोय आणि ही खाली मान घालून सोलतेच आहे.

"खुळी आहे का ही बाई?" कोरकोई म्हणाली. कुजबुजून नाही, चांगली मोठ्याने. "अगं, जा की. तिथे जाऊन उभी राहा. बटाटे काय पळून चाललेत?"

"आई, तू तरी बाबांची लढत बघायला कधी गेलीस?" आयेलेने विचारलं.

"मला तुझ्या आजीची बंदी होती. लग्न करून या घरात आले त्याच दिवशी तिने बजावलं, बायकोची नजर पडली की नवऱ्याची मूठ जड होते, उचलत नाही. मी बापडी गल्लीच्या तोंडाशी बसायचे. लोक ओरडले की ओळखायचं, यांनी मारला की यांना बसला."

आदोते वळून तिच्याकडे बघू लागला. भिंतीवर नायक खाली पडला होता आणि पंच आकडे मोजत होता, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"आईने सांगितलं होतं? मला कुणी बोललं नाही," तो म्हणाला. "मला वाटायचं, तुला लाज वाटते. माझं ते सुजलेलं थोबाड घेऊन लोकांत मिरवायची."

"लाज? आयेलेचे बाबा, त्या थोबाडाला शेकायला पाणी कोण तापवून ठेवत होतं? शेजारीण?"

आदोतेने मासळीचा एक तुकडा उचलला, परत ठेवला. मग पोटातून हसू लागला. तीही हसायला लागली, आणि दोघं एकमेकांकडे बघून इतकी हसली की नायक उठला कधी आणि जिंकला कधी ते दोघांनाही कळलं नाही.

दिवे लागल्यावर सगळ्यांनी सिनेमाचा निकाल दिला. लान्ते म्हणाला, मारामारी खोटी, पण घाम खरा. आयेलेला गोदीतली पहाट आवडली. कोरकोई म्हणाली, "सिनेमा चांगला. बायको वाईट." मग तिने पदर खोचावा तसं कमरेचं कापड घट्ट बांधलं आणि दोन्ही म्हाताऱ्यांपुढे उभी राहिली. "आता तुमची ती लढत दाखवा मला. चाळीस वर्षं कान किटले माझे."

"वहिनी, माझा गुडघा," लान्ते म्हणाला.

"हळू खेळा. मला कुठे घाई आहे?"

लोकांनी स्टुलं मागे ओढून जागा केली. तीन फेऱ्या ठरल्या. घंटा वाजवायची नाही, म्हणून आयेले रुमाल हलवणार होती. दोघं म्हातारे नुसत्या मुठींनी समोरासमोर उभे राहिले आणि पाण्याखाली चालावं तसे हलू लागले. ठोसा निघायचा, अंगाजवळ येऊन थांबायचा, आणि ज्याला बसायचा तो मान्य करून मान मागे टाकायचा. आदोते पुढे घुसत होता, लान्ते बाजूला सरकत होता. दुसऱ्या फेरीत आदोतेने डावा हात असा काही फिरवला की कोरकोईच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. हा माणूस असा हलू शकतो हे तिला आजच कळत होतं.

तिसरी फेरी संपली. दोघं धापा टाकत तिच्याकडे बघू लागले. आदोते तर जिंकल्यासारखा हसत होता.

"लान्ते," कोरकोई म्हणाली.

"काय?" आदोतेने विचारलं.

"लान्ते जिंकला. तुम्ही दिसता देखणे, पण तुमचे निम्मे ठोसे हवेत. तो कमी मारतो, पण मारला की बसतो."

अंगणात हशा पिकला आणि कुणीतरी घाईघाईने "शू" केलं. लान्तेने वाकून वहिनीला नमस्कार केला. आदोते घटकाभर गाल फुगवून बसला.

"देखणा म्हणालीस ना?" त्याने मग हळूच विचारलं.

"म्हणाले."

"मग त्याला जिंकू दे."

सण झाला, सणाची मक्याची क्पोक्पोई खाऊन झाली, ढोल पुन्हा वाजू लागले. पहिल्याच शनिवारी रिंगमध्ये लढती लागल्या. कोरकोई नवीन छापील कापड नेसून नवऱ्याच्या आधी दारात उभी होती. पुढच्या रांगेत बसली खरी, पण बसली म्हणायचं इतकंच. मागचे लोक "आजी, खाली बसा" म्हणून थकले. आदोते तिच्या कापडाचं टोक धरून ओढत होता आणि ती त्याच्या हातावर चापटी मारत होती. तिने रिंगमधल्या दोन्ही पोरांना सारखंच ओरडून शिकवलं, पंचालाही दोन शब्द सुनावले.

दुसऱ्या दिवशी तिचा घसा पार बसला. केंकीच्या टोपल्यामागे ती खुणांनी भाव सांगत होती, आणि शेजारी बसून आदोते गिऱ्हाइकांना तिचं म्हणणं समजावून देत होता. कालच्या लढतीत तिसऱ्या फेरीला काय झालं हे आधी, केंकीचा भाव नंतर.