मिटलेली झडप

डॉक्टर आश्लेषाच्या बसवनगुडीतल्या दवाखान्यात एक नियम होता. मुलाच्या हृदयाच्या झडपेत जन्मजात खोट निघाली, की आईबापांनीही सोनोग्राफीच्या टेबलावर आडवं व्हायचं. बापमंडळींच्या कपाळाला आठ्या पडत, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेल्या ह्या बाईपुढे कुणाचं काही चालत नसे.

शाळेतल्या तपासणीत शमिकाच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला, तेव्हापासून तिच्या बाबांनी, विद्याधरांनी, तिचं पोहणं बंद केलं होतं. पोरगी स्पर्धा जिंकणारी. घरात कुणाशी धड बोलेना. विद्याधर सरकारी कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासणारे इंजिनियर. पडद्यावर लेकीची झडप दिसताच त्यांनी रेषा मोजल्या आणि पाकळ्या तीन आहेत, म्हणजे सगळं ठीक, असा निकालही देऊन टाकला.

"स्वल्प थांबा, अण्णा," आश्लेषा म्हणाली. "मिटलेली झडप फसवते. उघडू द्या."

तिनं चित्र हळू केलं. झडप उघडली ती माशाच्या तोंडासारखी, दोनच ओठांची. तिसरी रेषा म्हणजे जोडूनच जन्मलेल्या दोन पाकळ्यांमधली नुसती शिवण होती. मग आश्लेषानं रक्ताचा वेग पाहिला, महाधमनीची रुंदी मोजली. अडथळा नाही, गळती नावापुरती. खुशाल पोहू दे, वर्षातून एकदा दाखवत जा, असं तिनं स्वच्छ सांगितलं.

विद्याधर ऐकेनात. सदोष भाग यंत्रात ठेवून यंत्र पळवायचं नसतं, म्हणाले. वर आमच्या घराण्यात सगळे ठणठणीत, हेही ऐकवलं. नयना, शमिकाची आई, मुकाट्यानं टेबलावर आडवी झाली. तिची झडप तीन पाकळ्यांची निघाली.

"सरी, ठीक आहे. आता तुम्ही शर्ट काढा."

विद्याधर कुरकुरत आडवे झाले. पडद्यावर झडप मिटली, तीन रेषा दिसल्या. उघडली, तर दोन ओठ. हातच्या काकणाला आरसा कशाला? शमिकानं विचारलं.

"बाबा, तू राजगड ह्याच झडपेवर चढलास?"

तुमचीही उत्तम चाललीय, तुम्हीही वर्षाला येत जा, एवढंच आश्लेषा म्हणाली. विद्याधर पडद्याकडे बघत राहिले. कारखान्यात त्यांनी जो भाग बाद ठरवला असता, तो त्यांना जन्मभर बिनतक्रार चालवत आला होता. त्यांनी छातीवरची जेली पुसली, शर्टाची बटणं लावली, आणि शमिकाची पोहण्याची पिशवी कुठे आहे, असं नयनाला विचारलं.

पिशवी गाडीतच होती. शमिकानं ती सकाळीच नेऊन ठेवली होती.