दाराबाहेरचा खडखड्या

मित्रांनो, मी एक जुना टेबल फॅन आहे. लोक मला खडखड्या म्हणतात. हे नाव मला कारखान्यात मिळाले नाही. ते मी स्वतःच्या आवाजाने कमावले आहे. आज मी एका समुपदेशन केंद्राच्या अरुंद बोळकांडीत, एका बंद दाराबाहेर, स्टुलावर उभा असतो. वारा मी बेताचाच देतो. माझे खरे काम वेगळे आहे, आणि ते तुम्हाला सांगायला मी केव्हाचा उतावीळ झालो आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. एका बाईने माझी तिन्ही पाती बसवली, बोटाने एक गिरकी देऊन पाहिली आणि समाधानाने मान हलवली. ती माझी पहिली शाबासकी. पुढे एका शिंपीकाकांनी मला विकत घेतले. पातळ कापड उडू नये म्हणून ते मला भिंतीकडे तोंड करून बसवत, तेव्हा मला फार राग येई. पण गिऱ्हाइके मापे द्यायला आली की ते मला त्यांच्याकडे वळवत, ती "काय छान वारा आहे हो!" म्हणत आणि राग कुठल्या कुठे पळे.

मग माझे बुश, म्हणजे ज्यात माझा दांडा फिरतो ती कडी, झिजले, जाळीची एक क्लिप सुटली आणि मी खडखडू लागलो. बाहीची लांबी ऐकायची म्हटली तरी काकांना मला बंद करावे लागे. शेवटी त्यांनी छताला नवा पंखा लावला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे एक फुटकी बादली आणि मी. बादली बिचारी काय बोलणार? मी धूळ खात पडलो आणि आपले दिवस संपले असे मनाशी धरून चाललो.

पण शिंपीकाकांच्या मुलीला, म्हणजे आमच्या ताईला, या केंद्रात फोन घेण्याचे आणि लोकांना वेळ ठरवून देण्याचे काम मिळाले. इथे माणसे आपली भीती, दुःख, काळजी बोलायला येतात. अडचण एकच होती. आतली खोली आणि बोळकांडी यांच्यामध्ये नुसती पातळ लाकडी भिंत. बाहेर बाकावर बसलेल्याला आतले शब्द कळत, म्हणून आतला माणूस कुजबुजत असे. ताईने आधी रेडिओ लावून पाहिला, तर बाकावरची माणसे गाणी गुणगुणू लागली. मग तिला मी आठवलो. तिने मला माळ्यावरून आणले, पुसले, दाराबाहेर ठेवले आणि बटण दाबले.

थोड्या वेळाने आतून समुपदेशक मॅडम बाहेर आल्या. "मी आत मोठमोठ्याने पाढे म्हणत होते. ऐकू आले?"

"पाढे? मला वाटलं, तुम्ही गप्पच बसलाय!" ताई म्हणाली.

ज्या आवाजापायी मी माळ्यावर गेलो, त्याच आवाजाने मला नोकरी दिली. त्या दिवशी मी इतका खूश झालो की जरा जास्तच खडखडलो.

ताईचे टेबल माझ्या शेजारीच आहे. त्यामुळे तिचे फोनवरचे बोलणे मला ऐकू येते. एकदा एका काकूंचा फोन आला, नवऱ्यासाठी वेळ हवी म्हणून. ताई म्हणाली, "काकू, तुमची तळमळ कळतेय मला. पण बोलायचंय काकांना, तेव्हा 'हो' त्यांनीच म्हणायला हवं. जवळ आहेत का? द्या बरं त्यांना." फोन बहुधा इकडून तिकडे बराच फिरला असावा. मग ती पुन्हा बोलू लागली, "नाही हो काका, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. स्वतःहून बोललात, तेवढं पुरे. आधी मॅडम तुम्हाला फोन करून काय होतंय ते विचारतील, मग वेळ ठरवू. थोडं थांबावं लागेल, पण मधेच फार जड गेलं तर वाट बघू नका, लगेच कळवा. आणि वेड-बिड कसलं हो! दाढ दुखली की जातोच ना आपण?"

काही आठवड्यांनी ते काका आले. ते वायरमन होते. खिशाला टेस्टर, खांद्याला पिशवी आणि चेहरा असा, की जणू कोणी पकडून आणले आहे. काकूंनी ताईला सगळे सांगून टाकले. काकांनी वायरिंग केलेल्या एका घरात आग लागली होती. ती लागली विसरलेल्या शेगडीमुळे. कोणाला इजा झाली नाही, काकांना कोणी बोलही लावला नाही.

"पण तेव्हापासून घराबाहेर पडलो की परत," काकू म्हणाल्या. "मेन स्विच बंद आहे ना, बघायचं. निघायचं, पुन्हा यायचं. हातातलं काम सोडून दिलं. लेकीला मुलगी झाली, बाळ बसायलासुद्धा लागलं, आणि यांनी अजून नातीचं तोंड बघितलं नाही. बस स्टँडवरून मला परत आणतात!"

"अगं, पुरे," काका पुटपुटले.

ताई पाणी आणायला खाली गेली. काकांचा पाय सारखा हलत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "काय हा आवाज! जीव चाललाय याचा." काम सोडले होते, पण हाताची सवय थोडीच सुटते? त्यांनी मला बंद केले, पिशवीतले तेल माझ्या बुशात सोडले, सुटलेली क्लिप खटकन बसवली. बटण दाबले तर काय! मी तरुणासारखा, आवाज न करता फिरू लागलो. खोटे कशाला बोलू, मित्रांनो? मी हुरळून गेलो.

तेवढ्यात मॅडमनी काकांना आत बोलावले. दार लागले. "काय झालं म्हणून फोन करावासा वाटला?" हा प्रश्न मला स्वच्छ ऐकू आला. बाकावर काकूंनी घसा खाकरला, तो आतही ऐकू गेला असणार.  कारण लगेच दार उघडले आणि काका बाहेर आले. "चल, घरी जाऊ. मला नाही जमायचं."

काकूंचे डोळे भरून आले. माझी तर पाती जड झाली. ज्या माणसाने मला बरे केले, त्याचीच वाट मी अडवली होती.

पाण्याची बाटली घेऊन ताई वर आली. "अगंबाई, पंखा का बंद केला?"

"बंद नाही केला, दुरुस्त केलाय," काका म्हणाले.

"अहो काका! तो आवाज आम्ही मुद्दाम ठेवलाय. आतलं बाहेर कळू नये म्हणून!"

काका आधी ओशाळले, मग हसले. काकू सांगतात, कित्येक महिन्यांनी हसले. त्यांनी क्लिप पुन्हा काढली. "आयुष्यात पहिल्यांदा चांगली वस्तू बिघडवतोय," म्हणाले, आणि आत गेले. मी जीव खाऊन खडखडलो. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि असते तरी सांगितले नसते.

बाहेर आल्यावर मात्र ते काकूंशेजारी बसले. "निजवत-बिजवत नाहीत गं. साधी खुर्ची आहे. विचारतात, आपण सांगायचं. नको असेल तर नको म्हणायचं. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, तेही सरळ विचारलं. मी म्हटलं, नाही. पण कोणी विचारलं, याचंच बरं वाटलं. म्हणाल्या, इथलं इथेच राहील. जिवाला धोका वाटला तरच दुसऱ्याला सांगावं लागतं."

काकांची वेळ दिवसातली शेवटची असे. मॅडमनी त्यांना सराव दिला : जाताना पंखा एकदाच बंद करायचा, आणि मागे वळायचे नाही. सुरुवातीला ते जिना उतरून पुन्हा वर येत, माझ्या प्लगला हात लावत आणि स्वतःवरच चिडत. मॅडम म्हणत, "चिडू नका. आज नाही तर पुढच्या खेपेला." मग ते अर्ध्या जिन्यावरून परतू लागले. मी बंद असल्यामुळे मला त्यांची पावले नीट ऐकू येत.

एका संध्याकाळी ते मोठी बॅग घेऊन आले. बॅगेतून बाळाच्या दुपट्याचे टोक बाहेर आले होते. निघताना त्यांनी मला बंद केले आणि ते जिना उतरू लागले. पावले थांबली. माझ्या पात्यांना अजून गती होती, ती ओसरेपर्यंत मी कान लावून राहिलो. खालून काकूंची हाक आली, "अहो, गाडी चुकेल!"

"आलो, आलो!" काका म्हणाले, आणि पावले खाली गेली. रस्त्यावरचे दार लागले. मी वाट पाहिली. कोणी परत आले नाही. मित्रांनो, मला इतके हलके कधीच वाटले नव्हते.

आता माझे एकच मागणे आहे. तुमच्यापैकी कोणी कधी या बोळकांडीत आलात, तर घाबरू नका. बाकावर बसा, नाव पुकारले की आत जा आणि मनात असेल ते मोकळेपणाने बोला. बाहेर मी आहे. मला पुसा, वाटल्यास थेंबभर तेल घाला. ती क्लिप मात्र तशीच राहू द्या.