काळ्याचा होकार

"तुम्हांला पटायचं नाही," ओसरीवर मांडी घालत पहलमान राणा म्हणाला, "पण आमच्या काळ्यानं देवीला नमस्कार केला. पुढचे गुडघे टेकून."

मनकामना देवीचा डोंगर उतरून तो नुकताच घरी पोचला होता. कपाळावरचा लाल अक्षतांचा टिळा सुकून पोपडे धरत होता. बोकडाचं मांस आणि मुंडकं आत चुलीपाशी, बायकोच्या, बतुलीच्या स्वाधीन झालं होतं. मलेशियात कारखान्याच्या छतावरून पडलेला मुलगा टेक जगला तर, देवी, काळ्या तुला, हा नवस तिचाच. बोकडही तिनंच हातावर वाढवलेला. पण गुडघ्यांनी दगा दिला म्हणून वर नवऱ्याला पाठवावं लागलं. टेक उद्या येणार होता, आणि नवस फिटल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडायचा नाही, असं तिनं त्याला फोनवर बजावलं होतं.

"रोपवेत गप बसला का तो?" शेजारच्या बीर्खेनं डोळे मिचकावले. "का तुझ्याच मांडीवर चढला, दाजू?"

"खिडकीतून खालची त्रिशूली नदी बघत होता. बोकडाला नुसतं जायचं तिकीट देतात ना, तर मला म्हणतो, 'म्हाताऱ्या, तुझं परतीचं नीट जप. विसराळू आहेस.'"

ओसरी हसली. पहलमानही हसला, पण उजव्या हाताचा अंगठा तो मघापासून सदऱ्याला पुसत होता.

"ते सोड," बीर्खे म्हणाला. "अंग झाडलं का त्यानं?"

हसणं थांबलं. पाणी शिंपडल्यावर बोकडानं आपणहून अंग झाडलं, तर तो त्याचा होकार, तरच देवीनं तो घेतला. नाही झाडलं, तर नवस तसाच अंगावर राहतो, आणि रांगेतली माणसं बोकडाकडं बघायचं सोडून धन्याकडं बघायला लागतात.

"झाडलं का म्हणून काय विचारतोस? पाणी पडायच्या आधीच असा थरारला की पुजारी दोन पावलं मागं. रांगेतले म्हणाले, अशी घरं आता राहिली कुठं." मग कोणी काही विचारलं नसताना तो पुन्हा म्हणाला, "अशी घरं राहिली कुठं, म्हणाले."

बीर्खेच्या सुनेनं चहा पुढं केला. त्यानं तो घेतला आणि न पिताच बाजूला ठेवला.

आतून केस जळाल्याचा वास येत होता. मग तो वास थांबला. बतुली दाराला धरून बाहेर आली. तिचे हात मनगटापर्यंत ओले होते. चिमटीत गवताची एक काडी होती, मोडून दुमडलेली.

"मुंडकं धुताना कानातून निघाली," ती म्हणाली. "आत खोलवर होती."

पहलमाननं चहाचा पेला उगाच जरा सरकवला.

"अहो, काळ्या हो म्हणाला नाही. तुम्ही त्याला म्हणायला लावलं."