मंगळवारची होडी

मी सांगते त्यातलं अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं ते विचारू नका. आत्ताच बाजारातून आलेय, पाय दुखतायत.

माझी नात अराबा आमच्या गावातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. म्हणजे इंग्रजीतल्या गोष्टी, कविता, नाटकं, आणि मुलींनी स्वतःच्या मनानं काहीतरी लिहायचं, तेही. लहानपणी ही पोरगी इतकी बोलायची, की आमच्या कोंबड्या अंडी घालायचं विसरून तिचं ऐकत बसायच्या. तर अशी ती बोलकी पोरगी एका संध्याकाळी घरी आली, आंबवलेल्या मक्याच्या केंकेचा गोळा पानातून सोलला आणि तसाच ठेवून मिरचीच्या चटणीकडे बघत बसली.

"काय गं? चटणीनं काही केलं का तुझं?"

"आजी, माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलींनी एकच निबंध लिहिलाय."

"बरंच की. एकीचा तपासायचा, बाकीच्यांवर तोच शेरा मारायचा."

"हसू नकोस. मी म्हणलं होतं, मनानं गोष्ट लिहा. तर सगळ्यांनी गाइडातला निबंध जशाचा तसा उतरवला. 'मंगळवारची ती एक प्रसन्न सकाळ होती. पक्षी किलबिल करत होते. माझे काका मला होडीतून मासे धरायला घेऊन गेले.' सगळ्यांचे काका! एकीला तर काकाच नाहीये!"

माझा घास हातातच राहिला. "मंगळवारी?"

"मंगळवारी."

आता आमच्या किनाऱ्यावर मंगळवारी होडी पाण्यात जात नाही. दर्याचा विसाव्याचा दिवस तो. माझ्या पणजीच्याही आधीपासून. त्या दिवशी आमचे कोळी जाळी शिवतात, सोंगट्या खेळतात, बायकोची बोलणी खातात, पण होडी ढकलत नाहीत. ढकलली, तर मोठा नाखवा सगळ्या गावादेखत दंड म्हणून मेंढा मागून घेतो, वर दारूच्या बाटल्या.

"अगं, पण तुझ्या वर्गात कोळ्यांच्या मुली नाहीत का?"

"अर्ध्या कोळ्यांच्याच आहेत. विचारलं मी त्यांना. म्हणतात, मॅडम, आमचे बाबा जात नाहीत, पण निबंधातले काका जातात. आणि काका गेले की मार्क पडतात."

आमच्याकडे मुलं याला 'चावा आणि ओता' म्हणतात. परीक्षेच्या आधी धडा चावून चावून पोटात भरायचा, परीक्षेत पेपरावर ओतायचा, आणि दाराबाहेर पडलं की पोट रिकामं. शाळेच्या मुख्याध्यापिका दोन्तो बाई, त्यांना हेच आवडायचं. बाईंचा आवाज असा, की त्या 'सायलेन्स' म्हणाल्या की मैदानावरचे नारळ खाली पडायचे. शाळेला गेली कैक वर्षं नारळ विकत घ्यावा लागला नाही.

"आणि ऐक," अराबा म्हणाली, "महिनाअखेर तपासनीस येतोय. बाईंनी सरळ सांगितलंय, त्याला माझा तास पसंत पडला नाही तर वर्ग बोन्सू सरांना देणार आणि मला ग्रंथालयात धूळ पुसायला बसवणार. बोन्सू सर काय करतात माहितीये? निबंध सांगतात, मुली लिहून घेतात. स्वल्पविरामसुद्धा ते सांगतात!"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं नव्हतं, कारण मिरची तिनं खाल्लीच नव्हती.

"उद्या मी येते वर्गात," मी म्हणलं.

"तू? कशाला?"

"थापा मारायला. तेवढंच येतं मला."

गेले. निळ्या गणवेशातल्या, केस बारीक कापलेल्या मुली उभ्या राहून एका सुरात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग मॅडम, वी आर फाइन." कशा आहात ते मी विचारलंही नव्हतं. मी स्टुलावर बसले आणि सुरू केलं.

"मी तुमच्याएवढी असताना एका माशानं माझी चप्पल गिळली. दुसऱ्या दिवशी तोच मासा परत आला, म्हणाला, बाई, दुसरी पण द्या, एका चपलेनं चालता येत नाही."

एकीनं लिहून घेतलं.

"अगं लिहितेस काय? खोटं आहे ते!"

"परीक्षेला येईल का, आजी?"

मी कपाळावर हात मारला. मग त्यांना विचारलं, घरी गोष्ट सांगतात तेव्हा काय करता गं? सगळ्या जणी अराबाकडे बघायला लागल्या, जणू घरातलं काहीतरी चोरून शाळेत आणायला सांगितलंय. आमची रीत तुम्हाला माहीत नसली तर सांगते. आमच्यात गोष्ट सांगणाऱ्याला कुणीही मधेच थांबवू शकतं. उठायचं आणि म्हणायचं, "थांब! त्या दिवशी मी तिथंच होते." की सांगणाऱ्यानं तोंड मिटायचं. उठलेला माणूस गाणं म्हणेल, नाहीतर गोष्टीत आपलं काहीतरी घालेल, आणि घातलेलं ते नाकारायचं नाही. नाकारण्याची एकच वाट आहे. त्याच्याहून मोठी थाप मारायची.

"मग थांबवा की मला," मी म्हणलं.

पहिल्या बाकावर सेरवा होती. दूर आतल्या कुमासी शहराची, दर्या फक्त चित्रात बघितलेली, वसतिगृहात राहणारी, अभ्यासात पहिली. ती उठली, परत बसली, परत उठली. "थांबा आजी. त्या दिवशी मी तिथंच होते. माशानं चप्पल गिळली कारण... कारण त्याच्या मुलीचं लग्न होतं."

"आणि नवरदेव खेकडा होता!" मागून कुणीतरी ओरडलं. "म्हणून तर वरात आडवी चालली होती!"

मग काय! अराबा फळ्याला टेकून इतकी हसली, की तिच्या पाठीवर कालचं अख्खं व्याकरण उमटलं.

एकच मुलगी बोलली नाही. एजिरबा. कोळ्याची पोर, शेवटचा बाक, नखं कुरतडत बसलेली. अराबा म्हणाली, तिचा आवाज वर्षभरात कुणी ऐकलेला नाही, हजेरीलासुद्धा हातच वर करते.

आता गंमत ऐका. एकदा दार उघडलं की वारा काय इंग्रजीच्या तासापुरताच येतो होय? दुसऱ्या दिवशी इतिहासाचे सर सांगत होते, की अमुक राजानं तमुक गोऱ्याशी तह केला. एक मुलगी उठली. "सर थांबा, त्या दिवशी मी तिथंच होते. राजाला ऐकू कमी यायचं." गणिताच्या तासाला एक आगगाडी दुसऱ्या आगगाडीकडे निघाली होती, ती मुलींनी भलत्याच गावाला नेली आणि वाटेत तिला भूक लागली म्हणून थांबवली. प्रार्थनेच्या वेळी पाद्रीबाबा जलप्रलयाचं सांगत होते, तेव्हा सेरवा सात बाकांआडून म्हणाली, "थांबा, नौकेत मीच होते, हत्तीनं माझ्या पायावर पाय दिला."

झालं. नारळ धडाधड पडले.

"अराबा मॅडम!" दोन्तो बाई गरजल्या. "हा बाजार आहे की शाळा? तुमच्या आजीनं आता फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. आणि तपासणीला सेरवा गाइडातला निबंध वाचेल. मंगळवारचा. बाकीच्या गप्प. एकीनं जरी तोंड उघडलं तरी तुमचा वर्ग गेला म्हणून समजा. कळलं?"

"कळलं, मॅडम," अराबा म्हणाली. घरी येऊन मला म्हणाली, "आजी, तुझ्या पाया पडते, त्या दिवशी येऊ नकोस."

"मी कशाला येऊ? मी शेंगदाणे विकायला जाणारेय."

गेलेच. शाळेच्या कुंपणात एक भोक आहे, तिथून वसतिगृहाच्या मुली शेंगदाणे घेतात. त्या भोकातून पाऊल नाही टाकलं मी, बूड आधी टाकलं, म्हणजे बाईंचा शब्द मोडला नाही. आणि अराबाच्या वर्गाच्या खिडकीखाली टोपली घेऊन बसले. खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांतून सगळं दिसतं.

तपासनीस आले. आर्हिन साहेब. उंच, कोरडे, गळ्याशी टाय इतका घट्ट, की मला वाटलं तो सोडला तर डोकं उडून जाईल. दोन्तो बाई त्यांच्या शेजारी खुर्चीत. अराबा फळ्यापाशी, चेहरा पिठासारखा.

"सेरवा, वाच," ती म्हणाली.

सेरवा वाचायला लागली. "मंगळवारची ती एक प्रसन्न सकाळ होती. पक्षी किलबिल करत होते. माझे काका मला होडीतून..."

साहेब छताकडे बघत होते. मुली ओठ चावून बसलेल्या. अख्ख्या वर्गाला शिंक आलीय आणि सगळ्यांनी मिळून एकच नाक दाबून धरलंय, असं दिसत होतं. माझ्या जिभेलाही खाज सुटली, पण मी तोंडात शेंगदाणे कोंबले. नातीचा वर्ग होता शेवटी.

"...काकांनी जाळे टाकले आणि मंगळवारचा तो दर्या..."

"थांब."

आवाज बारीक होता. सगळ्यांनी माना वळवल्या. शेवटच्या बाकावर एजिरबा उभी.

"थांब, सेरवा. त्या मंगळवारी मी तिथंच होते."

दोन्तो बाई अर्ध्या उठल्या. "सिट डाउन!" बाहेर एक नारळ पडला, माझ्यापासून हातभर.

आता अराबाला नुसतं एवढंच म्हणायचं होतं, बस खाली गं. म्हणली असती तर वर्ग वाचला असता. तिनं बाईंकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. मग एजिरबाकडे. आणि म्हणाली, "सेरवा, पुस्तक मीट. एजिरबा तिथं होती म्हणतेय. ऐकू या."

एजिरबानं डोळे मिटले आणि सुरू झाली. "होडी गेली. पण दर्या घरी नव्हता. म्हणजे होता, पण मागच्या अंगणात पाय पसरून बसला होता. केस सोडलेले. लाटा धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या. काकांनी जाळं टाकलं ते त्याच्या डोक्यावर पडलं. तो म्हणाला, कोण आहे रे? आज सुट्टी ना? काका म्हणाले, मला परीक्षेला पाठवलंय. दर्या म्हणाला, मग मासे उद्या ये मागायला, आज ते लाल-काळे कपडे घालून मयताला गेलेत. काका म्हणाले, पण मला आजच पकडायला हवेत, निबंधात तसं लिहिलंय. तेव्हा दर्याला काकांची कीव आली. त्यानं काकांना जवळ बसवलं, सूप पाजलं, आणि म्हणाला, बाबा रे, दर मंगळवारी, इतकी वर्षं, इतक्या मुली तुला इथं पाठवतात. तू थकत नाहीस का?"

ती बसली. मी चावायची थांबले.

आर्हिन साहेब खुर्चीतून उठले. टायला हात घातला, सैल केला. "कुणी शिकवलं हे हिला?"

"मी," अराबा म्हणाली. "चूक असेल तर माझी."

"थांबा," साहेब म्हणाले. आणि काय सांगू तुम्हाला, त्यांचा आवाजच बदलला, एकदम आमच्या किनाऱ्यावरचा झाला. "थांबा, मॅडम. त्या मंगळवारी मी तिथंच होतो. तो निबंध मी लिहिलाय."

दोन्तो बाईंचं तोंड उघडं राहिलं, आवाज मात्र आला नाही. नारळांना तेवढीच सुट्टी.

"तरुण होतो, गाइडवाल्यांनी लिहायला सांगितला. मी याच किनाऱ्यावरचा. मंगळवार मुद्दाम घातला. म्हणलं, बघू, कुठल्या शाळेतलं कुठलं पोर उठून म्हणतं, की हे खोटं आहे. तेव्हापासून शाळाशाळांतून फिरतोय. काका रोज जातात दर्यात. कुणी त्यांना थांबवलं नाही. परीक्षेचे पेपर तपासतो, तेव्हा तर त्यांना इतक्या वेळा जावं लागतं, की मलाच होडी लागते, डोकं धरून बसावं लागतं."

आता हे खरं का? मला विचाराल तर तरुणपणी त्यांनी घाईघाईत मंगळवार लिहिला असणार, वार चुकला असणार, आणि इतकी वर्षं त्याची लाज झाकत फिरत असणार. पण थाप अशी ऐटीत मारली, की मी मनात टाळ्या वाजवल्या. आणि रीत म्हणजे रीत. नाकारायची नाही.

"पण साहेब," दोन्तो बाईंना आवाज सापडला, "परीक्षेचं काय? मार्कांचं?"

"बाई, हिला मी काय मार्क देईन ते तुम्हीच ओळखा," साहेब एजिरबाकडे बोट करून म्हणाले. "बोन्सू सरांना माझा नमस्कार सांगा. वर्ग अराबा मॅडमकडेच राहू दे."

सेरवानं आनंदानं बाक बडवला. सगळ्यांनी बडवला. एजिरबा बाकाखाली शिरायच्या बेतात होती, मुलींनी तिला ओढून बाहेर काढलं. एवढं सगळं चाललेलं, आणि मी एकटी खिडकीखाली गप्प बसणार होय? मी टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिले आणि पट्ट्यांतून ओरडले, "थांबा! त्या मंगळवारी मीसुद्धा तिथं..."

साहेब दचकले. "या कोण?"

दोन्तो बाईंच्या भुवया वर चढायला लागल्या. बाई मला ओळखतात, पण डोक्यावर टोपली, तोंडात शेंगदाणे आणि अर्ध्या पट्ट्या बंद. त्यांनी अराबाकडे बघितलं. अराबानं माझ्याकडे. आणि पापणीसुद्धा न हलवता म्हणाली:

"शेंगदाणेवाली आहे, साहेब. वेडी आहे बिचारी. प्रत्येक खिडकीपाशी म्हणते, मी तिथंच होते. मी हिला ओळखत नाही."

काय सांगू तुम्हाला! मी वाढवलेली पोरगी. माझ्या कोंबड्यांना अंडी विसरायला लावणारी. तपासनीसासमोर, मुख्याध्यापिकेसमोर, सख्ख्या आजीच्या तोंडावर अशी थाप! माझी छाती अशी फुगली, की कुंपणाच्या त्या भोकातून मी परत मावेन की नाही, मलाच शंका आली.

वेड्यासारखं तोंड केलं, थोडी लाळही गाळली, आणि निघाले. जाता जाता दोन्तो बाईंना खिडकीतून एक पुडी विकली.