साहेबाच्या खोलीतला चहा

ज्याच्याकडे बाकी थकली आहे त्याला सरकारी माणूस चहा पाजत नाही, हा आमच्या गावाचा पिढ्यांचा अनुभव. त्यामुळे विजेच्या ऑफिसातल्या साहेबानं आमच्या सरपंच सोजरबाईंना चहा पाजला, ही बातमी सोजरबाई एसटीतून उतरायच्या आधीच गावात पोचली.

थकलेल्या बिलापायी गावाच्या पाण्याच्या पंपाची वीज तोडली होती. सोजरबाई गेल्या, बोलणी केली, बिलाचे हप्ते पाडून आल्या. संध्याकाळी नळाला पाणी आलं. गावानं हंडे भरले, आणि भरता भरता संशय घेतला.

"फुकट कोणी हप्ते पाडून देत नसते," उपसरपंच रतनसिंग पारावर म्हणाला. "साहेबाच्या खोलीत बसून चहा पेली ते. म्या सोता पाह्यलं नाई, पण पाहणाऱ्याले ओळखतो."

हप्ते भरायचे तर पंचायतीच्या बजेटमधून काहीतरी कापावं लागणार. सोजरबाईंनी सभामंडप कापला, रतनसिंगच्या गल्लीतल्या फरशा कापल्या आणि वॉर्ड तीनचा सिमेंट रस्ता कापला. वॉर्ड तीनची सदस्य मी, वैष्णवी. वयानं पंचायतीत सगळ्यात लहान. त्या एका रस्त्यावर मी निवडून आले होते. माझ्याकडे दुसरा मुद्दाच नव्हता.

मग अविश्वास ठराव आला. नऊ सदस्यांत सात मतं लागणार होती, आणि मला धरून रतनसिंगकडे बरोबर सातच होती. सोजरबाई पडल्या की त्यांच्या शब्दावर मिळालेले हप्तेही पडणार आणि पंप परत बंद, हे सगळ्यांना कळत होतं. पण चहाही सगळ्यांना कळला होता. मी नक्की कोणत्या बाजूला होते म्हणाल, तर गाडीत होते.

कारण ठराव आला की सदस्य गावात ठेवत नाहीत, फुटतात. त्यांना कुठेतरी नेऊन ठेवायचं आणि मतदानालाच आणायचं, अशी रीत आहे. आमदारांना हॉटेल मिळतं. आम्हाला शिरपूर जैनची धर्मशाळा मिळाली. मालेगावचे किराणावाले उत्तमचंदशेठ यांना रतनसिंग म्हणाला होता, "शेठ, शांत जागा पाहून द्या, अन् कोणाले सांगू नका." शेठ शब्दाचे पक्के. त्यांनी खोल्या पाहून दिल्या आणि कोणालाच सांगितलं नाही.

पोचल्याबरोबर रतनसिंगनं सगळ्यांचे मोबाईल एका थैलीत घेतले. थैली कोणाकडे ठेवायची यावर वाद झाला, कारण थैली सांभाळणाराच फोन करणार. शेवटी थैली मधोमध ठेवून सगळे तिच्याभोवती बसलो. संडासला जायचं तर जोडीनं. माझी जोडी राखीवहिनींशी होती. त्या दाराबाहेर उभं राहून दर मिनिटाला विचारायच्या, "आहेस ना व?"

"आहे वहिनी. जाऊ कुठून?"

"बोलत राय मंग."

बाकी सगळं सोसलं, जेवण सोसेना. जैनांची धर्मशाळा, त्यामुळे जेवण दिवस मावळायच्या आत, आणि कांदा-लसूण नाही. फुलसिंग हा आमच्यातला सगळ्यात कट्टर विरोधक. दुसऱ्या दिवशी दुपारी तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "रतनभाऊ, सोजरबाई चोर असन. पण तिच्या राज्यात म्या रोज ठेचा खाल्ला."

"फुटला!" रतनसिंग ओरडला. "अबे, ठेच्यावर फुटला हा!"

त्या संध्याकाळी भोजनशाळेत रांगेत बसलो, आणि समोरच्या रांगेत वरण-भात कालवत बसल्या होत्या सोजरबाई. शेजारी त्यांचे यजमान रामकिसन.

सगळे वरणाकडे बघायला लागले.

भानगड नंतर कळली. सोजरबाईंच्या घरापुढे विरोधकांचा पहारा बसला, लोक राजीनामा मागायला येऊ लागले, म्हणून रामकिसनभाऊंनीही उत्तमचंदशेठना शांत जागा विचारली होती. कोणाला सांगू नका, असंही म्हटलं होतं. शेठनी दोघांचाही शब्द राखला.

पण तेव्हा हे कोणाला ठाऊक? रतनसिंगनं आमच्याकडे पाहिलं, आम्ही रतनसिंगकडे.

"कोणं बलावलं हिले?" तो दातांतून म्हणाला.

"तूच आणलं आमाले इथं," फुलसिंग म्हणाला. "तुले ठाऊक."

मी ताट घेऊन उठले. हात धुवायच्या जागी सोजरबाई आधीच होत्या. वाढणाऱ्या जतनबाईंनी आम्हा दोघींना अडवलं. "ताट खंगाळून ते पाणी प्या, बाई. इथं कण टाकत नाहीत." तिथली रीतच ती. आम्ही ताटात पाणी घेतलं.

म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "काकू, खरं सांगा. साहेबानं चहा काहून पाजला?"

सोजरबाईंनी ताट फिरवलं. "त्यानं कुठं पाजला व! चहावाल्याची उधारी तुंबली होती हाफिसात. चहावाल्यानं चहा बंद केला होता. म्या बसली होती, तं साहेब त्याच्या हातापाया पडून राह्यला. म्हणे, हप्त्यानं देतो, पण चहा तोडू नको. चहावाला मानला. दोन कप घेऊन आला. म्या म्हटलं, साहेब, आता आमचंबी तसंच करा."

मला हसू फुटलं. हसत हसत ताटातलं पाणी पिऊन टाकलं. सोजरबाईही प्यायल्या.

मागे वळले तर सहाही जण उभे. त्यांना ऐकू काही आलं नव्हतं. दिसलं एवढंच, की वैष्णवी आणि सरपंचीण हळू बोलल्या, हसल्या, आणि समोरासमोर ताटातलं पाणी प्यायल्या.

"पाण्याची शपथ घेतली," राखीवहिनी पुटपुटल्या.

"भाऊ, ताट धुऊन पेलं फक्त," मी म्हटलं.

"धुतलेलं ताट कोणी पेत असते काय?" रतनसिंग म्हणाला. त्याचं ताट उष्टंच पडलं होतं.

त्यांच्या हिशेबात माझं मत गेलं, म्हणजे सात उरले नाहीत. सात नाहीत तर ठराव पडणार, आणि पडलेल्या ठरावात हात वर करणारे सोजरबाईंच्या लक्षात राहणार. पहाटे एकेक जण जोडी चुकवून खोलीबाहेर पडला. सगळ्यांची गाठ सोजरबाईंच्या खोलीच्या दारातच पडली. फुलसिंगनं येताना रतनसिंगला पाहिलं आणि म्हणाला, "म्या तुयावर नजर ठेवायले आलो."

"म्याबी," रतनसिंग म्हणाला.

सभेत तहसीलदारांनी विचारलं, "ठरावाच्या बाजूनं कोण?"

रतनसिंगनं फुलसिंगकडे पाहिलं, फुलसिंगनं राखीवहिनींकडे. हात कोणाचाच वर गेला नाही.

"अहो, ठराव तुम्हीच आणलाय ना?"

"आणला साहेब," रतनसिंग म्हणाला. "पण घाई काय हाये?"

त्या संध्याकाळीही नळाला पाणी आलं. मी सोजरबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. "काकू, पाणी वाचलं. माझा रस्ता?"

"देतो ना. हप्त्यानं. यंदा मुरूम, पुढच्या साली खडी, मंग सिमेंट."

"त्यापुढे?"

"त्यापुढं निवडणूक."

एवढं बोलून त्यांनी चहा पुढे केला. कुंपणापलीकडे फुलसिंग हंडा घेऊन उभा होता. हंडा केव्हाच भरून वाहत होता, पण त्याची नजर माझ्या कपावर होती. मी चहा घेतला. साखर जास्त होती. वॉर्ड तीनमध्ये ही बातमी माझ्या आधी पोचणार, हे मला कळत होतं. तरी कप रिकामा केला.