ऑक्सिजन कमी पडला तर

"बाई, पुस्तकात तर कोळशाचं उदाहरण आहे," मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला.

"मला दिसतंय. मुकाट्यानं फळ्यावरचं उतरवून घे!"

बाई खेकसल्या. रसायनशास्त्राच्या या बाई एरवी आवाज चढवत नसत. पण आज त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. समोर बिट्टी बसली होती. वडील गेल्यानंतर ती आज पहिल्यांदाच शाळेत आली होती. बाथरूममध्ये गॅसचा गीझर चालू, दार-खिडकी बंद. आत विषारी वायू साठला आणि धडधाकट माणूस बसल्या जागी गेला. आणि आजचा धडा नेमका मोल आणि रासायनिक समीकरणांचा, त्यात पहिलंच उदाहरण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशाचं! बाईंनी ते गाळून हायड्रोजनवर गाडी नेली होती. घाईत आकडा चुकला, पुसला, पुन्हा चुकला. खडू मोडला.

बिट्टीनं हात वर केला. "बाई, गीझरच्या गॅसचं सांगा ना. पाइपमधून येतो त्याचं."

आता टाळलं असतं तर पोरीचाच अपमान झाला असता. बाई फळ्याकडे वळल्या.

"तो मिथेन. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे रेणूंचा एक ठरलेला, अफाट मोठा गठ्ठा. मिथेनच्या एका मोलाला ऑक्सिजनचे दोन मोल लागतात. मग कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं."

"आणि दोनऐवजी दीडच मिळाले तर?"

बाईंनी फळ्यावर दोनच्या जागी दीड लिहिलं. "तर कार्बन मोनॉक्साइड."

"म्हणजे अर्धाच मोल कमी."

"हो."

बिट्टीनं ते नीट उतरवून घेतलं. तास संपला, वर्ग रिकामा झाला, तरी ती जागची हलली नाही.

"खिडकी मी लावली होती, बाई. बाबा म्हणाले, वारा झोंबतोय गं, लाव जरा. उघडी असती तर..."

'तसं काही नसतं गं' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आत्ताच स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाकारायचं कसं? त्या तिच्याशेजारी बाकावर बसल्या.

"उघडी असती तर कदाचित वाचले असते. तुला खोटं नाही सांगणार. पण माझ्याकडेही तसलाच गीझर आहे. इतकी वर्षं हेच शिकवतेय, आणि गारठ्यात खिडकी लावूनच अंघोळ करत आलेय. मला सुचलं नाही, तर तुला कुठून सुचणार? तू बाबांचं ऐकलंस, एवढंच."

बिट्टीला हुंदका फुटला. "आईला वाटतं, खिडकी बाबांनीच लावली. तिला कळलं तर ती माझं तोंडही बघणार नाही."

"चल. मी येते बरोबर."

वाटभर बाईंच्या मनात येत राहिलं, आपण नको तिथे नाक खुपसतोय का? आई पोरीला नाही नाही ते बोलली तर?

आईनं दार उघडलं. बिट्टी उंबऱ्यातच उभी राहून एका दमात सगळं बोलून गेली. आई भिंतीला टेकली.

मग आई आत गेली, फणी घेऊन आली आणि जमिनीवर बसली.

"केसांचा काय गुंता करून घेतलायस," ती म्हणाली. "बस इथे."

बिट्टी तिच्यापुढे पाठ करून बसली. आई वेणी सोडू लागली. एकेक बट ती मुळाशी घट्ट धरत होती, पोरीला ओढ बसू नये म्हणून.