माझा गंज खोटा आहे

मी एक जुनी तलवार आहे. तीनशे वर्षांची.

मित्रांनो, हे वाक्य माझं नाही. ते माझ्यासमोर ठेवलेल्या पाटीवरचं होतं, आणि साफ खोटं होतं. माझं वय चार वर्षं. आपली कहाणी सांगताना म्हणे आवाज मऊ ठेवायचा असतो, आठवणींनी गहिवरायचं असतं. मला ते जमणार नाही. मला राग आलाय आणि तो गिळून मी तुम्हाला गोड गोड काही सांगणार नाही.

माझा जन्म पातूरचा. त्याआधी मी एका भंगार ट्रकच्या स्प्रिंगमधली पट्टी होते. अकोटच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी वाहून वाहून दमले होते. भंगारातून मला उचलून आणलं साधनाने. साधना ही भगवंतरावांची मुलगी. घरची काळ्या मातीची शेती. लहानपणी देवानंद लोहाराकडे विळे पाजवून आणायला जायची, ती त्याच्या भात्यापाशीच रमली. जुनी चित्रं आणि मापं बघून ती शिरस्त्राणं घडवू लागली, कडीत कडी अडकवून चिलखतं विणू लागली. मग तलवारी. सगळं हाताने. गावातले लोक विचारत, "काय करून राहिली वं साधना? लढाई हाये का कुठी?" ती मान वर करायची नाही.

लोकांना वाटतं, तलवार वाकवतात. कुणी वाकवत नाही हो! धारेची बाजू ठोकून पातळ करत गेलं की ती लांबते आणि पातं आपोआप पाठीकडे कलतं. शेकडो घाव सोसल्यावर तो बाक येतो. त्यानंतर लालबुंद पातं तेलात बुडवून कडक करतात, त्याला पाणी देणं म्हणतात. माझ्याआधीच्या दोघी पाणी देतानाच तडकल्या. मला बुडवलं तेव्हा साधनाने श्वास रोखून धरला होता. मी टिकले. टोकाजवळ एक घाव तेवढा चुकला होता. तिथे नखाएवढी चपटी खूण राहिली, ती तिने घासून काढली नाही. "राहू दे, ओळख राह्यते," म्हणाली. मी बघायची तलवार, म्हणून धार मात्र बोथट ठेवली.

मग तिने नाव घातलं. लग्नातल्या भांड्यांवर घालतात ना, तसंच, छिन्नीने एकेक ठिपका ठोकत. पण कुठे? मुठीच्या आत जाणाऱ्या माझ्या शेपटीवर! वर मूठ चढवली, आत वितळलेली लाख ओतली, झालं, नाव झाकून गेलं.

"वरतं घाल ना, दिसन तरी," देवानंद म्हणाला.

"म्या पाह्यल्या त्या जुन्यायवर नव्हतं नाव. जसं होतं तसंच कराव."

मित्रांनो, माझा पहिला राग या बाईवरच आहे. घरातल्या साध्या वाटीवर आपण नाव घालतो, आणि चार महिन्यांच्या मेहनतीवर घालायला हिला संकोच वाटला.

पुढे अमरावतीच्या मोरोपंत वकिलांनी मला एका हस्तकलेच्या दुकानातून रीतसर विकत नेलं. दोन वर्षं मी त्यांच्या कचेरीतल्या कपाटात पडून होते. तेही चाललं असतं. पण शहरात जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन ठरलं आणि पंत त्याच्या समितीत बसल्या बसल्या बोलून गेले, "आमच्या घराण्यात तीनशे वर्षांची तलवार आहे." घराण्यात शोधाशोध केली तर काही सापडेना. मग कपाट उघडलं. मला मीठ आणि लिंबू चोळलं, ओल्या पोत्यात गुंडाळून कचेरीमागच्या आवारात पुरलं. महिनाभर माझं अंग सोलवटत होतं आणि वर पंत अशिलांना चहा पाजत होते. बाहेर काढल्यावर गंजाचे खड्डे बघून त्यांना काय आनंद झाला! पाटी लिहून दिली त्यांच्या पत्नीने, चारुशीलाबाईंनी. त्या निवृत्त शिक्षिका, अक्षर मोत्यासारखं. नवऱ्याने सांगितलं, गावाकडच्या माळ्यावर सापडली. त्यांनी विश्वासाने लिहिलं.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साधना आली. एसटीने, हातात वही आणि टेप. जुन्या तलवारीचा बाक कसा असतो ते तिला शिकायचं होतं. पंतांची परवानगी घेऊन ती मला मोजू लागली. एक माप लिहिलं, दुसरं लिहिलं आणि थांबली. वहीची, माझ्या घडणीची मापं टिपलेली मागची पानं उलटली. मग तिचा अंगठा माझ्या टोकाजवळच्या खुणेवर येऊन टेकला.

"हे तं माही तलवार हाये," ती म्हणाली.

पंत हसले. "बाई, तीनशे वर्षांची आहे ती. पाटी वाचता येते ना?"

"वाचली, म्हनून तं बोलून राहिली. चार वर्षं झाले इले. पातूरले घडवली, म्या."

"तुम्ही? अहो, बायकांनी विळीवर कांदे चिरावे. तलवारीला मनगट लागतं."

चारदोन जण हसले. मला धार नाही याचं त्या क्षणी फार वाईट वाटलं.

"मुठीच्या आत माह्यं नाव हाये," साधनाचा आवाज चढला. "उघडा. खोटी निघाली तं पोलिसात द्या मले."

"खबरदार! घराण्याची वस्तू आहे!"

तेव्हा चारुशीलाबाई खुर्चीवरून उठल्या. "उघडू द्या. पाटी माझ्या हातची आहे. मी काय लिहिलंय ते मला कळलं पाहिजे."

हॉलमागे चहावाल्या गंगूबाईच्या पातेल्यात चहाचं पाणी उकळत होतं. साधनाने माझी मूठ सरळ त्यात बुडवली.

"अहो, तो पाहुण्यांचा चहा आहे!" पंत ओरडले.

"पत्ती टाकाची हाये आजून," गंगूबाई म्हणाली. "डुबवा तुमी, बाई."

लाख मऊ झाली. साधनाने पदरात धरून मूठ ओढली. माझं पातं गंजाने खाल्लेलं, पण लाखेखालची शेपटी कालच घासल्यासारखी लख्ख! चारुशीलाबाईंनी वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचलं, "साधना भगवंतराव, पातूर."

पंतांचा सूर एकदम बदलला. "चूक झाली म्हणा. आत बसून मिटवू. समितीतर्फे तुमचा सत्कारही करू."

"सत्कार नोको मले." साधनाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. "इचं अंग काहून सोललं तुमी? नवी होती तं नवीच ठेवाची होती. नवं असनं गुन्हा हाये का?"

 

मित्रांनो, जुन्याला जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगते, नव्यालाही जपा. एखादी वस्तू आवडली तर तिचं वय नंतर विचारा, आधी तिच्यापायी कुणाच्या हाताला फोड आले ते विचारा. माझे खड्डे आता भरून येणार नाहीत. माझी मूठ शेजारी वेगळी ठेवली आहे, नाव सगळ्यांना दिसतं. जुनी पाटी चारुशीलाबाईंनी तिथल्या तिथे टराटरा फाडली आणि त्याच मोत्यासारख्या अक्षरात नवी लिहिली. नवऱ्यासमोर लिहिली. याल तेव्हा नक्की वाचा:

घडवणारी: साधना भगवंतराव, पातूर.
वय: चार वर्षे.
गंज: मोरोपंत.